सरबत प्यायलेला फवारा

मी एक जुना फवारा आहे, पण बागेतला नव्हे. मोटारीच्या डाव्या दिव्याखाली, एका छोट्या झाकणामागे मी राहतो. दिव्यावर चिखल उडाला की बाहेर यायचे, काच धुवायची आणि पुन्हा आत जाऊन बसायचे, एवढेच माझे काम. दिवे लावल्याशिवाय मी बाहेर येतच नाही, त्यामुळे मित्रांनो, मला ओळखणारी माणसे फार थोडी. उजव्या दिव्याखाली माझा जोडीदार आहे. आम्ही एकाच टाकीतले पाणी पितो, पण आजवर मी त्याला पाहिलेले नाही.

मला घडवले ते थंडीच्या देशासाठी. धुवायचा होता बर्फ आणि नशिबी आली पौडच्या रस्त्यावरची डंपरची धूळ. बावधनच्या पहिल्या मालकांना तर माझा पत्ताच नव्हता. त्यांच्याकडून ही गाडी पौडच्या महंमदभाईंनी घेतली. भाईंचे बाजारात भांड्यांचे दुकान. बायको लवकर गेली होती, घरात ते आणि त्यांची मुलगी हुमा.

मला शोधून काढले ते हुमाने. शाळेतून आली की ती गाडीसमोर उभी राहायची आणि अब्बांना कळ दाबायला लावायची. पाणी काचेवर आपटून तिच्या तोंडावर उडायचे आणि ती हसत पळायची. कॉलेजात गेली तरी तिचा हा खेळ सुटला नाही. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग हुमाचे लग्न ठरले, ताम्हिणी घाटापलीकडे माणगावला. पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायचे, तर ते गाडीनेच शिंपडावे असे भाईंच्या मनात आले. लग्नघाईत त्यांनी टाकीत बाटली ओतली ती मात्र गुलाबाच्या सरबताची. वऱ्हाड दारात आले, भाईंनी कळ दाबली आणि आम्ही दोघांनी गुलाबी फवारा उडवला. एक म्हातारे पाहुणे मिशा चाटून म्हणाले, गोड आहे की! नवरीच्या वेषातली हुमा मोठ्याने हसली. मग बरेच महिने त्या घरात तिचे हसू ऐकू आले नाही.

सरबत माझ्या अंगात वाळले आणि मी बाहेर आलो तो तसाच अडकून बसलो. धूळ बसली, मुंग्या आल्या. भाई दुकानातून येत, फडक्याने दिवे पुसत आणि आत जात. मला कोणी हात लावत नसे. मला फार एकटे वाटायचे. आतमध्ये भाईंनाही वाटत असणार.

शेवटी त्यांनी गॅरेजवाल्या कैलासला बोलावले. त्याने फ्यूज पाहिला, तो ठीक. पंपाला कान लावला, तो घुमत होता. मग मुंग्यांची रांग माझ्या तोंडात शिरताना त्याला दिसली आणि तो हसायला लागला. टाकी रिकामी करून सगळे गरम पाण्याने धुवावे लागेल, असे त्याने सांगितले.

भाई म्हणाले, “राहू दे. हुमाच्या लग्नातलं पाणी हाय ते.”

कैलास हत्यारे गोळा करून निघून गेला.

श्रावणात हुमाचा फोन आला. लग्नानंतर ती एकदाही आली नव्हती. अब्बांनी चार दिवसांसाठी माहेरी न्यायला यावे, असे तिचे म्हणणे होते. पण घाटात दाट धुके आणि चिखल. दर वळणावर उतरून दिवे कोण पुसणार? भाईंनी कैलासला पुन्हा बोलावले. त्याने टाकीची नळी सोडवून त्यांच्यापुढे धरली.

“भाई, आंबलंय हे. वास घ्या.”

भाईंनी वास घेतला.

“सोड,” ते म्हणाले.

गुलाबी पाणी अंगणातून गटाराकडे गेले. भाई ते शेवटपर्यंत पाहत उभे राहिले. कैलासने माझ्या भोकांतून बारीक तार फिरवली, मला गरम पाण्यात भिजवले. मी सुटलो. घाटात धुके होते, पण दर थोड्या वेळाने आम्ही दिवे धूत गेलो. माणगावला दारातच हुमा धावत गाडीसमोर आली.

“अब्बा, दाबा की.”

भाईंनी कळ दाबली. तिने ओठावरचा थेंब चाखला आणि ती म्हणाली, “साधंच हाय आता.”

पौडला चार दिवस भुर्रकन गेले. तिला माणगावला सोडून भाई एकटे परतले. अंगणात गाडी थांबवली, पण दिवे मालवले नाहीत. काचांवरचा चिखल धुवायला त्यांनी कळ दाबली. मी बाहेर आलो. उजवीकडे जोडीदारही आला असेल. काचा स्वच्छ झाल्या. भाईंनी पुन्हा दाबली, मग पुन्हा. टाकी संपेपर्यंत ते दाबत राहिले. समोर कोणीच नव्हते.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना अधूनमधून साफ करा, टाकीत साधे पाणी घाला. आणि तुमच्या घरी कोणी असे कळ दाबून वाट पाहत असेल, तर जमेल तेव्हा समोर जाऊन उभे राहा. थोडे भिजाल, एवढेच.