एकदा जोरात पळवून आणा

गाडीच्या नोंदणीची मुदत संपून वर्ष उलटलं, तरी चष्मेवाल्यानं तिकडे लक्ष दिलं नव्हतं. लेक गेल्यापासून गाडी बाहेर काढायचं कारणच उरलं नव्हतं. शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, विकून टाकू या. जेवायला बसलं की खिडकीतून तीच दिसते. घास उतरत नाही."

विकायची तर आधी नोंदणी नवी करायला हवी, आणि त्याच्याही आधी धुराची तपासणी. एका सकाळी त्यानं चष्म्यांचं दुकान बंद ठेवलं, गाडी झाडूनपुसून काढली, नवी बॅटरी बसवली. गाडी खोकत खोकत सुरू झाली. तो निघणार तोच बायको पायांत चपला सरकवून आली आणि शेजारी बसली.

पेट्रोल पंपामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तपासणी चालायची. तपासनिसानं सायलेन्सरमध्ये नळी खुपसली आणि अॅक्सिलरेटर दाबायला सांगितलं. काळाकुट्ट लोट उठला. शेडमधले सगळे नाकाला रुमाल लावून बाहेर पळाले.

"काका, गाडी आहे की भट्टी? नापास!" असं म्हणत तपासनिसानं गाडीत डोकावून पाहिलं. मागची सीट नव्हती. नुसती सपाट फळी आणि तिच्यात ठोकलेल्या लोखंडी कड्या. "सामान वाहता का हो?"

"मुलगी बसायची," बायको म्हणाली. "चाकांच्या खुर्चीत. खुर्ची हलू नये म्हणून त्या कड्या."

'बसायची' हा शब्द तपासनिसाला कळला. तो जरा वेळ नळीच गुंडाळत राहिला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "इंजिन चांगलं आहे काका. पण ही कायम हळू चालवलेली दिसते. आत काजळी धरलीय. हा मागचा रस्ता गोदामांपर्यंतच जातो, तिथे कुणी अडवायचं नाही. तिसऱ्या गिअरमध्ये एकदा जोरात पळवून आणा. मग परत मोजू."

हळू चालवली होती, हे खरंच होतं. मुलीच्या मानेत बळ नव्हतं. साध्या गचक्यानंही ती कळवळायची. त्यामुळे चष्मेवाला गाडी अशी चालवायचा, की मागून येणारे हॉर्न वाजवून वाजवून थकायचे. तिला बोलता येत नव्हतं. खूश झाली की ती उंच आवाजात टी-टी करायची, म्हणून त्यानं तिला टिटवी म्हणायला सुरुवात केली. खरं नाव फक्त दवाखान्याच्या कागदांवर राहिलं.

गोदामांचा रस्ता सरळ आणि मोकळा होता. तरी त्याचा पाय दाबायला तयार होईना. काटा जरा वर गेला की पाय आपसूक उचलला जायचा.

"दाबा ना," बायको म्हणाली.

"होत नाही गं. तिला असं कधी नेलंच नाही आपण."

बायको खिडकीबाहेर बघत होती. "मी नेलं होतं."

"काय?"

"तुम्ही गावाला गेला होतात तेव्हा. मानेला दोन्ही बाजूंनी उशा लावल्या, काचा खाली केल्या आणि ह्याच रस्त्यानं सुसाट नेली. सगळा रस्ता ओरडत होती. परत फिरले तर रडायला लागली, म्हणून पुन्हा नेली."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही रागावला असता."

त्यानं विचार केला. "रागावलो असतो," तो म्हणाला. आणि मग त्यानं पाय दाबला.

इंजिन गरजलं. मागच्या कड्या खडखडू लागल्या, आरशात धुरापलीकडचं काही दिसेना. बायकोनं काच खाली केली. वाऱ्यानं तिचे केस तोंडावर आले, ते तिनं सारखे केले नाहीत.

"कशी ओरडत होती?" त्यानं मोठ्यानं विचारलं.

तिनं तोंड उघडलं. टी-टी असा आवाज काढायला गेली, पण एकदाच निघाला, तोही फाटका. मग ती ओंजळीत तोंड लपवून रडू लागली. त्यानं गाडी थांबवली नाही. त्याच्याही चष्म्यावर धुकं धरलं होतं, पण पाय तसाच ठेवून तो गोदामांच्या भिंतीपर्यंत गेला. वळला, आणि परत येताना पुन्हा पळवली. आता मागचा धूर विरळ झाला होता.

गाडी पास झाली. "बघा, म्हटलं नव्हतं?" तपासनीस हसत म्हणाला. दोघांचे चेहरे बघून त्यानं कागदावर शिक्का मारून दिला.

नोंदणीही झाली. गिऱ्हाईक लवकर मिळालं. त्या माणसानं कड्या काढून नवी सीट बसवून घेतली आणि एका दुपारी गाडी घेऊन गेला. चष्मेवाला फाटकापर्यंत गेला. बायको घरातून बाहेर आलीच नाही.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यानं विचारलं, "जागा रिकामीच आहे तर मी स्कूटर लावू का इथे?"

"लावा की," चष्मेवाला म्हणाला, आणि दुकान उघडायला चालत निघाला.