ओपलच्या खिशातला जांभळा गांडूळ

मित्रांनो, मी एक जुना गांडूळ आहे. मातीतला नव्हे, मऊ प्लास्टिकचा. बास नावाचा मासा फसावा म्हणून केलेला. सध्या माझा मुक्काम कॉफीच्या एका रिकाम्या डब्यात आहे आणि माझे डोके फाटले आहे. तरी माझी तक्रार नाही.

अलाबामातल्या एका तळ्याकाठच्या शेडमध्ये हार्लन ट्रेडवेने मला घडवले. फाटके गांडूळ तो साठवायचा, वितळवायचा आणि साच्यात ओतायचा. कुणाचा लाल, कुणाचा निळा रंग मिसळून मी जांभळा झालो. त्याची बायको ओपल मला बघून म्हणाली, "नुसतं वांगं झालंय." पण त्याच दिवशी माझ्यावर तीन मासे लागले आणि मग माझ्यावाचून तिचे पान हलेना.

ती माझ्या डोक्यातून गळ ओवायची आणि त्याचे टोक माझ्याच पोटात लपवायची, म्हणजे पाणगवतात अडकायला नको. नाकाशी शिशाचा मणी. मी तळाशी बसलो की ती काठी जरा उचलायची, मी उठून पुन्हा बसायचो. मासा मला बहुधा खाली पडतानाच तोंडात घेतो. ती चाहूल दोरीतून बोटांना लागते, आणि ओपलची बोटे त्यात तरबेज होती.

मग हार्लन गेला. पुढच्याच हिवाळ्यात ओपलच्या उजव्या अंगावरून वारे गेले. हात हळूहळू हलू लागला, पण बोटांची जाणीव परतली नाही. मी तिच्या जाकिटाच्या खिशात, माझ्या तेलकट पिशवीत वर्षभर पडून राहिलो. मला वाटले, माझे दिवस भरले.

तिचा धाकटा भाऊ ड्यूई मदतीला आला. माणूस मनाने चांगला, पण घायकुता. शेड आवरताना त्याने माझी सगळी भावंडे पिशव्यांतून काढून कडक प्लास्टिकच्या डब्यात ओळीने मांडली. आमच्यातले तेल तसले प्लास्टिक विरघळवते, हे त्याच्या गावीही नव्हते. महिन्याभराने पाहिले तर भावंडे वितळून डब्याला चिकटली होती.

"हे बघ ओपल, गांडूळ संपले, हात असा," तो ओशाळून म्हणाला. "तुमची ती मासेमारीची होडी मी माझ्याकडे नेतो. इथं कुजवण्यापेक्षा बरं."

ओपलने खिशातून मला काढले. "एक शिल्लक आहे. उद्या सकाळी चल. मी एकटीनं एक मासा धरला तर होडी इथंच राहील. नाहीतर खुशाल ने."

"एका वांग्यावर होडी लावतेस होय?"

सकाळी होडीत बसल्यावर तिने मला गळावर ओवले.

मार्चचे पाणी गार होते. ड्यूई उकडलेल्या शेंगा खात भराभर गळ टाकायचा आणि भराभर ओढायचा. त्याला काहीच लागेना.

"अगं हलव की त्याला. झोपलाय तो."

"तू शेंगा खा."

गार पाण्यात मासा सुस्त असतो. धावत्या भक्ष्यामागे तो जात नाही. ओपलचा हात संथ होता, म्हणून मीही संथ उठलो, संथ बसलो. बोटांवर तिचा भरवसा नव्हता. दोरी पाण्यात शिरते तिथे ती डोळे लावून बसली. तास गेला. मग दोरी हळूच बाजूला सरकली.

"दे इकडे," म्हणत ड्यूईने हात पुढे केला.

"काठीला हात लावलास तर पाण्यात ढकलीन."

तिने ढिली दोरी गुंडाळली आणि दोन्ही हातांनी काठी वर ओढली. मासा दांडगा होता. होडीला दोन फेऱ्या घातल्यावर तो दमला. ओपलने डाव्या हाताने जबडा धरून तो उचलला, पाहिला आणि पाण्यात सोडून दिला. मग ती रडली, आणि खरे सांगतो, मलाही भरून आले.

ड्यूईने मला गळावरून काढले आणि फेकायला हात उगारला.

"अरे, काय करतोस?"

"फाटलाय गं."

"फेकलेलं प्लास्टिक मासे गिळतात. पोटात फुगून बसतं. आण इकडे."

त्याने मला तिच्या तळहातावर ठेवले. काठावर आल्यावर त्याने होडी पुन्हा नेहमीच्याच खांबाला बांधली, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि विचारले, "हार्लनचा साचा कुठं ठेवलायस?"

भावंडांचा गोळा खरवडून त्याने माझ्याच डब्यात टाकला आहे. शनिवारी आम्ही सगळे एकत्र वितळणार. मित्रांनो, फाटलेल्याला पाण्यात भिरकावू नका. आणि कुणाचा हात संथ चालत असेल, तर त्याच्या हातातली काठी काढून घेऊ नका. शेजारी बसा, दोरीकडे बघा.