खासदाराची हजामत

"चीनला शेवटी कुणीतरी धडा शिकवतोय, एवढं तरी कबूल कर," ड्वाइट म्हणाला. बोलता बोलता त्याने मान वळवली, तशी हर्शेल एकर्सने दोन बोटांनी ती पुन्हा सरळ केली.

"हलू नकोस, कान जाईल. आणि याला धडा म्हणतात होय? न्याहारीला चिनी मालावर जकात लावायची आणि जेवायच्या आत उठवायची. अध्यक्ष आपल्या पक्षाचा असला म्हणून मी त्याला शहाणा म्हणू?"

बाकावर पाळीची वाट बघत बसलेला रूफस खुसखुसला. निदान आधीच्यांपेक्षा तरी हा बरा, असं त्याचं म्हणणं पडलं. हर्शेलने कात्री थांबवली नाही. आधीच्यांनी उसनवारीवर राज्य चालवलं आणि आपलेही तेच करतायत, तो म्हणाला. ज्या कम्युनिस्टांशी लढायला आपण पोरं धाडली, त्यांच्याकडूनच पैसे घेऊन घरखर्च भागवायचा आणि वर त्यांना डोळे वटारायचे! त्याचा बाप असता तर असल्या पुढाऱ्यांना दारात उभं केलं नसतं.

दर शुक्रवारी हे असंच चालायचं. व्हर्जिनियाच्या डोंगरातल्या ग्रेसन फोर्क गावात आता बोलायला जागाही फारशा उरल्या नव्हत्या. एक चर्च, एक पेट्रोलपंप आणि हर्शेलचं हे दुकान.

दार उघडून मॅरियन मॅब्री आत आली, तशी हर्शेलची कात्री थांबली. ती क्लेटन मॅब्रीची मुलगी. क्लेटन या भागाचा बरीच वर्षं खासदार होता, आणि या दुकानात त्याचं नाव निघून जमाना लोटला होता.

"मिस्टर हर्शेल," ती दारातच उभी राहून म्हणाली, "बाबा घरीच असतात आता. डॉक्टरांनीही हात टेकलेत. केस फार वाढलेत त्यांचे. मी दुसऱ्या कुणाला बोलावते म्हटलं, तर नको म्हणतात." मग जरा खाली बघून, "तुम्ही याल असं काही मला वाटत नाही. पण विचारते म्हणून मी त्यांना शब्द दिला होता."

हर्शेलने ड्वाइटच्या मानेवरचे केस झटकले. "रविवारी चर्च सुटल्यावर येतो," तो म्हणाला.

हर्शेल आणि क्लेट एकाच वर्गात होते, बेसबॉलही एकाच संघात खेळले. पुढे क्लेट वकिली शिकायला गेला आणि हर्शेलने बापाचं दुकान घेतलं. दुकान फर्निचरच्या कारखान्याच्या फाटकासमोर होतं. साडेतीनचा भोंगा वाजला की माणसांचा लोंढा बाहेर पडायचा, आणि त्यातले निम्मे रस्ता ओलांडून हर्शेलकडे यायचे. त्यांच्या कपड्यांना वॉर्निशचा वास असायचा. केसांत लाकडाचा भुसा इतका असायचा, की कात्री लावण्याआधी डोकं झाडून घ्यावं लागायचं. संध्याकाळी जमिनीवरून केस आणि भुसा एकत्रच गोळा व्हायचा, आणि पत्र्याच्या डब्यातून ओकच्या लाकडाचा गोडसर वास येत राहायचा. हर्शेलची बायको नोरीन त्याच कारखान्यात खुर्च्यांना कापड चढवायची. पाळी सुटली की ती दुकानात येऊन बाकावर बसायची, बूट काढून पाय चोळायची आणि आलेल्यागेलेल्याची फिरकी घ्यायची. नाताळात कारखान्याकडून घरोघर खारवलेल्या डुकराच्या मांसाचा हॅम यायचा. गाव श्रीमंत नव्हतं, पण कुणाला गाव सोडून जावंसं वाटायचं नाही.

क्लेट पहिल्यांदा निवडणुकीला उभा राहिला, तो याच दुकानातून. हर्शेल तेव्हा जिल्ह्यात पक्षाचं काम बघायचा. सरकारने काटकसरीने राहावं, माणसाच्या कष्टात आणि धंद्यात नाक खुपसू नये, हे त्याने खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येक डोक्याला ऐकवलं. क्लेट निवडून आला. वॉशिंग्टनला राहायला गेला, तरी केस कापायला तो इथेच यायचा.

आणि मग दोन हजार सालचा तो वसंत आला. चीनला व्यापाराची कायमची सवलत द्यायचं विधेयक आलं होतं. अध्यक्ष विरोधी पक्षाचा, पण या बाबतीत दोन्हीकडचे पुढारी गळ्यात गळे घालून उभे होते. मतदानाच्या आधी क्लेट गावी आला आणि खुर्चीत बसला. दुकान खच्चून भरलं होतं. तो आरशातून सगळ्यांशी बोलत होता. तिथल्या कोट्यवधी घरांना खुर्च्या लागतील, टेबलं लागतील, ती आपण विकू. व्यापार वाढला की तिथे मध्यमवर्ग वाढेल, तो मताचा हक्क मागेल, आणि कम्युनिस्टांचं राज्य आतूनच विरघळेल.

"आणि तसं नाही झालं तर?" नोरीनने बाकावरून विचारलं होतं.

क्लेट हसला होता. "नोरीन, तुझ्याइतक्या सफाईने कापड चढवणारं तिकडे कोण आहे?"

त्याने विधेयकाच्या बाजूने मत दिलं. हर्शेलने पक्षाचं पद सोडलं आणि भिंतीवरचा क्लेटचा फोटो काढून ठेवला. पुढे चीनमधून काही माणसं कारखाना बघायला आली. सभ्य होती, सगळ्यांना वाकून नमस्कार करत होती. त्यांनी यंत्रांचे फोटो काढले. नोरीन कापड कसं ताणते, कोपरा कसा दुमडते, हेही त्यांनी टिपून घेतलं. तिने सावकाश, दोनदोनदा करून दाखवलं. पाहुण्यांशी तिला वाईट वागता येत नसे. मग तशाच खुर्च्या तिकडून स्वस्तात येऊ लागल्या. कारखाना बंद झाला, यंत्रं गेली, मग इमारतही पाडली. नोरीन लांबच्या गोदामात खोकी भरायला जाऊ लागली, आणि एका हिवाळ्यात न्यूमोनियाने गेली. क्लेट अंत्यविधीला आला होता. हर्शेलने त्याच्याशी हात मिळवला नाही.

रविवारी तो पेटी घेऊन मॅब्रींच्या घरी गेला. क्लेट स्वयंपाकघरात खिडकीपाशी खुर्चीत बसला होता. नाकात प्राणवायूची नळी, अंगात नुसती हाडं, आणि मानेवर पांढऱ्या केसांचं जंगल. मॅरियनने कॉफी ठेवली आणि ती बाहेर गेली.

हर्शेलने कापड गुंडाळलं. मानेपासून कापायला सुरुवात केली.

"ड्वाइट अजून बडबडतो का?" क्लेटने विचारलं. आवाज खोल गेला होता.

"परवाच चीनला धूळ चारली त्याने. माझ्याच खुर्चीत बसून."

क्लेट हसला आणि खोकला. खोकला थांबेपर्यंत हर्शेलने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग तो हात त्याच्या लक्षात आला आणि त्याने काढून घेतला.

"सरकारने धंद्यात नाक खुपसू नये," क्लेट म्हणाला. "हे मला कुणी शिकवलं, हर्श?"

"मीच."

"मग?"

हर्शेलने फणी धुतली. हा प्रश्न त्याने स्वतःला कितीदा विचारला होता. "मला वाटायचं धंदा म्हणजे आपला कारखाना," तो म्हणाला. "त्यात नोरीन होती. तिकडे तर अख्खं सरकारच धंद्यात उतरलं होतं, क्लेट. तुम्ही शिकलेली माणसं. एवढं कळलं नाही तुम्हाला?"

क्लेट खिडकीबाहेर बघत राहिला. "लोक म्हणायचे मी विकला गेलो. माझ्या दारावर रंगाने लिहिलं होतं कुणीतरी. मी नव्हतो विकला गेलो. मला खरंच तसं वाटत होतं."

"ते मला ठाऊक होतं," हर्शेल म्हणाला. "विकला गेला असतास तर चार शिव्या घालून विसरलो असतो."

कापडाखालून हात काढून क्लेटने डोळे पुसले आणि हात पुन्हा आत घेतला. हर्शेलने कानांवरचे केस कापले, भुवया सारख्या केल्या. आरसा दाखवला, तर क्लेट नको म्हणाला.

"मानेवर वस्तरा फिरवशील? गरम फेस लावून. पूर्वी करायचास तसा."

हर्शेल घुटमळला. दोन वर्षांपासून त्याच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. कात्री सांभाळता यायची, पण दुकानात त्याने कुणाला वस्तरा लावणं बंद केलं होतं.

"हात कापतो रे माझा आता," त्याने सांगितलं.

"दिसतंय मला मघापासून," क्लेट म्हणाला. त्याने नळी कानामागे नीट सरकवली, हनुवटी छातीला टेकवली आणि मान पुढे केली. मग श्वास जमेल तितका धरून, अगदी स्थिर बसून राहिला.