शेवटचा बिल्ला

लोकांना भरलेल्या नदीची भीती वाटते. वाटू दे. मला रिकामीची वाटते. का, ते लिहिते आहे. स्वतःच्या हाताने लिहिते, चार दिवस लागले, म्हणून कोणी मध्येच उठून जाऊ नये.

आमच्या वस्तीच्या मागून नदी जाते. वरच्या अंगाला बंधारा आहे. महिन्यातून एका रविवारी सकाळी बंधाऱ्याची दारं बंद ठेवतात, पात्र उघडं पडतं, आणि आमच्या भागातली माणसं हौसेने खाली उतरून कचरा काढतात. टायर, बाटल्या, गाद्या. एकदा अख्खं शिवणयंत्र निघालं. साडेअकराला भोंगा होतो, सगळ्यांनी वर यायचं. मग शाळेतून निवृत्त झालेल्या बाई बंधाऱ्यावर फोन करतात, नदी रिकामी आहे, सोडा पाणी. बाराला दारं उचलतात.

सून जायची. मी नाही. दुसऱ्याची घाण उपसायला मी का जाऊ, घरची कमी आहे का? पण एक दिवस बाई घरी आल्या.

"आजी, तुम्हीही या की. बसून करायचं काम आहे."

माझ्याहून चार वर्षांनी मोठी, आणि मला आजी म्हणते! मी तोंड उघडणार, तेवढ्यात म्हणाल्या, "जबाबदारीचं आहे हो. भलत्यासलत्याला देता येत नाही."

झालं. विरघळले मी.

काम असं. काठावर एक फळा, त्याला खिळे. खाली उतरताना प्रत्येकाने आपल्या नावाचा पत्र्याचा बिल्ला खिळ्याला अडकवायचा. माणूस वर आला की मी त्याचा बिल्ला वाचून काढायचा आणि डब्यात टाकायचा. फळा रिकामा, तर नदी रिकामी.

"जमेल ना?"

"न जमायला काय झालं? मी काय अंगठेबहाद्दर आहे?"

अंगठेबहाद्दर नाहीच मी. दोन यत्ता शिकले आहे. अक्षर ओळखते, पण एकेक, बोट ठेवून, कोणी घाई करत नसेल तर. चिखलाने माखलेली वीस माणसं समोर ताटकळत असताना मला आपलं नावसुद्धा वाचता येणार नाही. हे कोणाला ठाऊक नव्हतं. वर्तमानपत्र मी रोज उघडायचे आणि पानंही वेळच्या वेळी उलटायचे. आता भर काठावर माझं बिंग फुटणार होतं.

पण डोकं तल्लख. खाली उतरणारे तिथले सामाईक गमबूट घालायचे आणि आपल्या चपला माझ्या पायाशी काढायचे. चपला मी विसरत नाही. नळवाल्याची टाच एका बाजूने झिजलेली, बेकरीवाल्याच्या वहाणा पिठाने पांढऱ्या, शिंपीणबाईंचा अंगठा लाल दोऱ्याने शिवलेला. माणूस वर आला, त्याने चपला घातल्या, की मी डोळे बारीक करून फळ्याकडे बघायचे, ओठ हलवायचे, आणि त्या चपला काढताना त्याने ज्या खिळ्याला बिल्ला अडकवला होता, तिथला काढायचे. चपला संपल्या की बिल्ले संपायचे. दोन खेपा निभावलं. बाई म्हणाल्या, "आजी, तुमच्यासारखं चोख कोणी करत नाही." मी मान आणखी ताठ केली.

तिसऱ्या खेपेला सकाळी सून दारात चपला चढवत होती.

"खाली पायात काय घालतेस?"

"तिथले गमबूट असतात ना, आई."

"सतरा जणांच्या घामाचे! या घरची सून त्यात पाय घालणार नाही."

दाराआडून मी ह्यांचे गमबूट काढले. ह्यांनी तीस वर्षं गटारांच्या कामावर काढली. माणूस गेला, बूट राहिले. मी ते अजून पुसून ठेवते.

"मला फार मोठे होतील, आई."

"दोन मोजे घाल. आणि हरवलेस तर घरी येऊ नकोस."

ती बिचारी घरूनच ते घालून निघाली. तिच्या चपला दारातच राहिल्या. तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या नाही आलं.

भोंगा झाला. माणसं वर आली, हात धुतले, चपला घातल्या. माझ्या पायाशी काही उरलं नाही. फळ्यावर मात्र एक बिल्ला उरला.

तो मी पाहिला. पाहिला नाही असं म्हणणार नाही. बारीक पांढरी अक्षरं, वर चिखलाचे शिंतोडे. बाई मघाशी जराशा खाली उतरल्या होत्या, त्यांचाच असेल, असं मी माझ्या मनाने ठरवलं. चपला संपल्या म्हणजे माणसं संपली. बिल्ला स्वेटरच्या खिशात टाकला.

"आजी, झाले सगळे?"

"झाले."

बाईंनी फोन लावला.

बारा वाजत आले तेव्हा किटली आली. पहिला कप मला आणून द्यायचा, हे सुनेचं काम. साखर कमी म्हणून टोमणा मारायचा, हे माझं. कप आला नाही. मी सुनेला शोधत इकडेतिकडे पाहिलं.

"ती होय? पुलाखाली टायर ओढत होती मघा," शिंपीणबाई म्हणाल्या.

माझा हात खिशात गेला. बिल्ला बाहेर काढला, अंगठ्याने चिखल पुसला, बोट ठेवलं. पहिलं अक्षर. दुसरं. मी तिला नावाने कधी हाक मारली नाही, नुसतं 'अगं'. तिसऱ्या अक्षराशी कळलं, हे तिचंच.

आता पुढचं लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

मी लगेच बोलले नाही. अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाले, "बाई, सून दिसत नाही."

"गेली असेल घरी. तुम्हीच नाही का नाव वाचून बिल्ला काढलात?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या मुठीत तो पत्रा. मी म्हणाले, "हो, गेली असेल," आणि घराच्या वाटेला चार पावलं टाकलीसुद्धा. तिला आपणच गुपचूप हाक मारू, कोणाला कळायला नको, असं डोक्यात. दोन मिनिटं गेली असतील. ती दोन मिनिटं मला मरेपर्यंत पुरतील.

मग जिथे चपलांचा ढीग असतो, तिथे नजर गेली. नुसती वाळू.

"मला वाचता येत नाही!" मी ओरडले.

"काय?"

"वाचता येत नाही मला! चपलांवरून करते मी सगळं! तिने चपला ठेवल्याच नव्हत्या! हा बघा तिचा बिल्ला! फोन लावा मेल्यांनो, उभे काय राहिलात!"

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. घाईत बाईंचा फोन दोनदा चुकला. बंधाऱ्यावरचा राखणदार इतक्या मोठ्याने बोलला की आम्हा सगळ्यांना ऐकू आलं, "अहो, एक दार उचललंय! टाकतो खाली, पण सुटलंय ते येणारच. पाच मिनिटांत पुलाशी पोचेल!"

नळवाला दोर घेऊन पळाला. मागून मी. माझे गुडघे जिना चढताना कुरकुरतात, त्या दिवशी ते कुठे होते देव जाणे. मी हाका मारत होते. माझ्या आवाजाला शेजारचे खिडक्या लावून घेतात. त्या दिवशी तो आवाज मला पुरेना.

पुलाच्या तिसऱ्या कमानीखाली ती दिसली. गुडघ्यापर्यंत चिखलात. एक बूट चिखलात गडप, तो पाय बाहेर, मोजा काळा झालेला, दुसरा आतच, आणि ती वाकून दोन्ही हातांनी गमबूट उपसत होती.

"अगं, वर ये! पाणी सुटलंय!"

"बूट अडकलाय, आई!"

"सोड तो!"

"बाबांचे आहेत! तुम्हीच म्हणालात ना, हरवले तर..."

"माझं आजवर कधी ऐकलंस? आजच बरं ऐकायचं सुचलं!"

वळणावरून आवाज आला. गडगडाट नाही, काही नाही. कोणीतरी मोठं कापड ओढत आणावं, तसा. मागून तपकिरी रेघ, पुढे बाटल्या ढकलत. मी तिच्या नावाने ओरडले. नुकतंच वाचलेलं ते नाव, पूर्ण. तिने दचकून मान वर केली. नळवाल्याने दोर टाकला. तिने दुसरा पाय मोज्यासकट उपसला, दोर धरला. मी, बाई, बेकरीवाला, ज्याला जसं जमेल तसं ओढत होतो. दगडावर तिचं कोपर सोलवटलं. ती वर आली, तेव्हा मागे एक बूट तसाच उभा होता, तोंड वर करून. पाणी त्याच्या काठापर्यंत आलं, आत शिरलं, आणि मग बूट दिसेना.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, बूट गेले."

"गेले तर गेले," मी म्हणाले. दातावर दात वाजत होते, तिचे की माझे, कळलं नाही.

घरी जाताना माझ्या चपला मी तिच्या पायात घातल्या. नको नको म्हणत होती. मी एकच शिवी दिली, मग घातल्या.

पुढच्या महिन्यातल्या रविवारी बाईंनी मला किटली सांभाळायला सांगितली. मी म्हटलं, फळाच सांभाळीन. आता मी कोणाचा बिल्ला काढत नाही. ज्याचा त्याने काढायचा, माझ्या हातात द्यायचा, आणि तोंड दाखवायचं. डब्यात टाकायच्या आधी मी प्रत्येक बिल्ला बोट ठेवून मोठ्याने वाचते. रांग लागते. शिंपीणबाई जांभया देतात. देईनात का.

सून आता सतरा जणांच्या घामाचे गमबूट घालते. तिच्या चपला मी ढिगात ठेवत नाही. मांडीवर घेऊन बसते, भोंगा झाल्यावर ती समोर येऊन "द्या आता, आई" म्हणेपर्यंत.