चार मुठींची फळी

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. पुढचं काही सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण माझ्याविषयी गैरसमज फार पसरले: माझ्यावर आजवर एकही मेलेलं माणूस झोपलेलं नाही.

माझा जन्म येमेनच्या डोंगरातल्या बैत शुऐल गावात, नाजी सुताराच्या ओट्यावर झाला. लाकूड बोरीचं. त्याच खोडातून नाजीने आधी मशिदीसाठी एक फळी काढली होती. गावात कुणी वारलं की शेवटची अंघोळ तिच्यावर घालत. नात्याने ती माझी थोरली बहीण. उरलेल्या लाकडाची मी झाले. आरोग्य केंद्राने नाजीला कागदावर चित्र पाठवलं होतं: एका टोकाला डोकं टेकायला उभी पाटी, दुसऱ्या टोकाला मागेपुढे सरकणारी पायपाटी आणि कडेने सेंटिमीटरच्या खुणा. तान्ह्या मुलाला आडवं झोपवायचं आणि त्याची लांबी मोजायची, एवढंच माझं काम.

खुणा नाजीने काटेकोर कोरल्या. पण पदरचं काहीतरी घातल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आजवर त्याने केलेली प्रत्येक लांब फळी चार माणसांनी उचलली होती. म्हणून त्याने मलाही चार कोपऱ्यांना चार मुठी बसवल्या. "न्यायला सोपं," तो म्हणाला.

गावची आरोग्यसेविका अरवा आणि तिच्या तीन भावजया यांनी पहिल्या दिवशी मला मुठींनी धरून शाळेच्या अंगणात आणलं. तिथे तीसेक बायका पोरं घेऊन बसल्या होत्या. मला पाहताच सगळ्या उठून उभ्या राहिल्या. काहींचे ओठ पुटपुटू लागले. एकीने रडायलाही सुरुवात केली आणि थोडं रडून झाल्यावर शेजारणीला विचारलं, "कोण गेलं गं?"

"कुणी गेलेलं नाही," अरवा म्हणाली. "ही मुलं मोजायची फळी आहे."

हुरिया जद्दा पुढे आली. जद्दा म्हणजे आजी. ती एका घरची असली तरी सगळं गाव तिला तसंच म्हणे. "माणसाला आडवं पाडून एकदाच मोजतात, पोरी," ती म्हणाली. "आणि ते माप कबर खणणाऱ्याला देतात."

अंगण रिकामं झालं.

अरवाची अडचण जद्दाच्या घरातच होती. जद्दाची नात नसीम, अकरा महिन्यांची, वजन सहा किलो तीनशे. कुपोषण मोजायला दंडाभोवती गुंडाळायची रंगीत पट्टी पिवळ्यावर थांबली होती. पिवळ्याला फक्त सल्ला मिळे. शेंगदाण्याच्या गोड लगद्याच्या पुड्या मिळायच्या तर पट्टी लाल यावी लागे, नाहीतर लांबीच्या मानाने वजन फार कमी भरावं लागे. म्हणजे लांबी हवी. जद्दाने परवानगी दिली ती एवढीच: पोर आईच्या मांडीवर राहील, दोरीने काय मोजायचं ते मोजा.

दोरी आली सहासष्ट. तक्त्यात सहासष्टला सहा किलो तीनशे चालून जातं.

"बघ," जद्दा म्हणाली, "तुझा कागदच सांगतो, पोर ठणठणीत आहे."

"जद्दा, तिने गुडघे पोटाशी घेतले होते."

"थंडी वाजत असेल."

"खायला काय देता तिला?"

"चहात बिस्कीट. मी त्यावरच वाढले."

"मग तुम्ही एवढ्या धिप्पाड कशा झालात?"

"तेव्हा बिस्किटं मोठी असायची."

नसीमची आई तैसीरने लेकीला मांडीवर सावरलं. अरवा दोरी गुंडाळत होती. समोर हलणारं ते टोक धरायला नसीमने हातही पुढे केला नाही. अरवाने ते पाहिलं आणि तिथून ती थेट मला घेऊन नाजीकडे गेली.

"काका, मुठी कापा."

"का? त्यांनी काय गुन्हा केला?"

"हिला बघून बायका मेलेल्यांसाठी दुआ मागतात."

"मागू देत. पुण्यच लागेल."

बरीच घासाघीस झाली. शेवटी त्याने एका बाजूच्या दोन कापल्या. चारही कापणं त्याच्या जिवावर आलं. आता मी, निम्मे खांदेकरी वाटेत पळून गेलेल्या तिरडीसारखी दिसू लागले.

दुसऱ्यांदा अंगणात गेले तेव्हा कुणी रडलं नाही, पण पोर झोपवायला पुढेही कुणी आलं नाही. जद्दा मात्र बराच वेळ माझ्याकडे बघत उभी होती. तिची दोन नातवंडं तिने माझ्या बहिणीवर पाहिली होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग जद्दाने चपला काढल्या आणि ती स्वतः माझ्यावर आडवी झाली.

"या फळीला कुणाला न्यायचंच असेल तर आधी मला नेऊ दे," ती म्हणाली. "माझी सत्तरी उलटली. पोरीच्या आधी माझा नंबर."

तिचे पाय पायपाटीवरून पार जमिनीवर गेले. माझं लाकूड करकरलं. अरवा म्हणाली, "जद्दा, उठा आता."

"थांब. तिला पुरता वेळ दे. मागून तक्रार नको."

कोपऱ्यात किश्र, म्हणजे कॉफीच्या टरफलांचा काढा, उकळून खाली उतरला, तरी जद्दा डोळे मिटून पडूनच. एक बाई हळूच म्हणाली, "गेली वाटतं."

"गेले असते तर तुझी बडबड ऐकू आली नसती," जद्दा म्हणाली आणि उठून बसली. "पाठ मात्र मोकळी झाली. आता झोपवा पोरीला."

तैसीरने नसीमचं डोकं पाटीला टेकवलं. अरवाने तिचे गुडघे अलगद सरळ केले आणि पायपाटी टाचांना लावली. बहात्तर. तिने पुन्हा मोजलं. बहात्तरच. एवढ्या लांबीला सहा किलो तीनशे म्हणजे तक्त्यातला लाल रकाना. सहा सेंटिमीटर गुडघ्यांत दडून बसले होते.

त्या दिवशी माझ्यावर एकोणीस मुलं झोपली. नसीम पुड्यांचा खोका घेऊन घरी गेली.

त्या घरात एकट्याने खाण्याची पद्धत नव्हती. एकाच्या हातात काही दिसलं की ते सगळ्यांत वाटलं जाई. पहिल्याच दुपारी नसीमचा काका मुसइद पुडी फोडायला आला. जद्दा खोक्यावर बसली होती. "पोरीचं औषध चाखतोस? मग तिची सुईही तूच टोचून घे." पुढचे दोन महिने ती खोक्यावरून फक्त नमाजाला उठे.

आठव्या आठवड्यात नसीमला पुन्हा आणलं. पाय सरळ करायला दोघीजणी लागल्या. तिने अशी लाथ मारली की पायपाटी निखळून अंगणात पडली, आणि असा गळा काढला की पलीकडच्या उतारावर बकऱ्या थबकल्या. तैसीर रडणाऱ्या लेकीला उराशी धरून हसत होती.

पुढे केंद्रात प्लास्टिकचं हलकं, घडीचं माप आलं. ते चांगलं आहे, माझी तक्रार नाही. मी बाहेरच्या भिंतीला टेकून उभी असते. ऊन लागतं, पाऊस लागतो, कधी माझ्यावर कॉफीची फळं वाळत घालतात. दोन गावांत एकाच दिवशी तपासणी निघाली की मात्र मला अजूनही आत घेतात.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. मला छपराखाली ठेवा. माझ्या उपकारांची फेड म्हणून नव्हे. लाकूड पाण्याने फुगतं, वाकतं, आणि वाकलेल्या फळीवर मूल आखूड भरतं. मग एखादी भुकेली पोर तक्त्यात ठणठणीत ठरते आणि रिकाम्या हाताने घरी जाते. हे माझ्याकडून होऊ देऊ नका.