उन्हाचं पथ्य

गुन्नेवीच्या छातीत लहानपणीच कफानं घर केलं होतं. डांग्या खोकल्यानं फुप्फुसातल्या नळ्या सैल पडल्या त्या कायमच्या. त्यांत कफ साचायचा, कफात जंतू माजायचे, ताप चढायचा आणि मग अँटिबायोटिकचा कोर्स. पन्नाशी उलटली तरी हे रहाटगाडगं थांबलं नव्हतं. बेटावरची माणसं ऋतू ओळखायची समुद्रावरच्या बर्फावरून, गुन्नेवी ओळखायची गोळ्यांवरून. मोठ्या पांढऱ्या गोळ्यांचा हिवाळा पोट नासवून जाई. दुसऱ्या एका कोर्समध्ये कॉफीलासुद्धा गंजलेल्या खिळ्याची चव येई. आणि यंदा मे महिन्यात मिळालेल्या गोळ्यांना ऊन चालत नव्हतं. जरा अंगणात उभं राहिलं की हात भाजल्यासारखे लाल व्हायचे.

बाहेर बर्चला पालवी फुटलेली, दिवस संपता संपत नव्हते आणि गुन्नेवी पडदे ओढून पडलेली. खाली पाणी हललं की त्याचा उजेड पडद्याच्या फटीतून छतावर थरथरायचा. तापाच्या गुंगीत तिला वाटायचं, आपण समुद्राच्या तळाशी निजलोय आणि वरून होड्या चालल्यात. भीती वाटत नसे. उलट वर यायचंच कशाला, असं वाटे.

घराच्या दुसऱ्या अर्ध्या भागात तिची थोरली बहीण अल्फहिल्ड आणि अल्फहिल्डचा नवरा रुनार राहत. मेंढरं तिघांची. ती उन्हाळ्यापुरती समोरच्या ओसाड बेटावर चरायला सोडायची होती. निम्मी आदल्या दिवशी पोचली होती.

"तू यायचं नाहीस," अल्फहिल्डनं बजावलं होतं. "भाजलेलं मटण नाताळात करू, आत्ता नको."

पण सकाळी दाट धुकं उतरलं. अंगणातली विहीरसुद्धा दिसेना. गुन्नेवी स्वेटर घालून खाली आली.

"आता कुठंय गं ऊन?"

"पथ्यातून पळवाट बरी सापडते तुला!" अल्फहिल्ड म्हणाली, पण डोक्याला रुमाल तिनंच बांधून दिला.

उरलेल्या मेंढ्या, त्यांची कोकरं, रुनार आणि गुन्नेवी. होडी निघाली आणि मागचा किनारा पुसला गेला. थोडं पुढे गेल्यावर रुनारनं इंजिन बंद केलं. पुढं खडक होते, आणि दिसत तर काहीच नव्हतं. पांढरं आभाळ, पांढरं पाणी, मध्ये ओल्या लोकरीचा वास. गुन्नेवीला वाटलं, आपण अजून पलंगावरच आहोत की काय. एक कोकरू तिच्या मांडीवर डोकं टेकून झोपलं होतं. त्याचा श्वास तिच्यापेक्षा हलका होता.

"रुनार, या गोळ्या लागू पडत नाहीयेत," ती एकदम म्हणाली. "डॉक्टरांचा फोन आला होता. जंतू सरावलेत म्हणे. आता शहरात भरती व्हायचं, दोन आठवडे शिरेतून औषध घ्यायचं."

रुनारनं वल्हं पाण्यात तसंच धरून ठेवलं.

"मी नाही म्हणणार आहे. दर वेळी बरी होते आणि बरं असणं अंगवळणी पडायच्या आत पुन्हा आडवी. कंटाळा आला रे."

मग तो म्हणाला, "अल्फहिल्डला माहीत आहे."

"कसं?"

"भिंतीपलीकडून तुझा खोकला ऐकत असते. परवा म्हणाली, आवाज ओला झालाय, गोळ्या हरल्या. तुझी बॅगसुद्धा भरून ठेवलीय."

"मला न विचारता?"

"मला तरी लग्नाआधी कुठं विचारलं होतं तिनं?"

गुन्नेवीला हसू आलं, हसण्यातून खोकला आला. तेवढ्यात धुक्यातून कुठूनतरी एक मेंढी ओरडली. होडीतल्या मेंढ्यांनी माना वर करून उत्तर दिलं. पलीकडून पुन्हा साद आली. त्या आवाजाच्या रोखानं रुनार हळूहळू वल्हवत राहिला आणि होडीचं टोक वाळूला लागलं.

मेंढ्या एकेक उतरून पांढऱ्यात विरघळल्या. मांडीवरचं कोकरू मात्र जागं होऊन तिचा तळवा चाटत राहिलं, घामाचं मीठ असावं. त्याची जीभ खरखरीत, गरम होती. गुन्नेवीनं हात मागे घेतला नाही. इतक्या दिवसांत तिला काही स्पष्ट जाणवलं असेल तर ते हेच.

परतताना धुकं फाटलं आणि ऊन सणसणीत उतरलं. रुनारनं आपला मासळीच्या वासाचा मेणकापडी कोट तिच्या डोक्यावरून टाकला. धक्क्यावर अल्फहिल्ड कमरेवर हात ठेवून उभी.

"हे कुठलं मेंढरू परत आणलंस?"

कोटाखालून गुन्नेवी म्हणाली, "बॅगेत काय काय भरलंयस?"

अल्फहिल्ड गडबडली. "मोजे... काळा पाव... तुझा हिरवा झगा."

"तो झगा काढ. त्यात मी बेडकी दिसते. निळा भर."

अल्फहिल्ड वाकून होडीचा दोर बांधू लागली आणि ती गाठ बांधायला तिला फार वेळ लागला.

शहरातले ते दोन आठवडे तंद्रीतच गेले. नळीतून थेंब पडत राहिले, कफ पातळ झाला, ताप उतरला. जंतू पुरते गेले नव्हते. हिवाळ्यापर्यंत निभेल, पुढचं पुढं पाहू, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं. गुन्नेवीनं मान डोलावली.

घरी नेणाऱ्या बोटीवर तिला कडकडून भूक लागली. वाटाण्याचं सूप संपवून तिनं दुसरा वाडगा मागवला.

"सावकाश गं," तिला न्यायला आलेली अल्फहिल्ड म्हणाली आणि आपल्या पुढ्यातला पॅनकेकही तिच्याकडे सरकवला.