शुक्रवारचा घास

मी संशयी आहे, मान्य. पंधरा वर्षं चार-चार वर्षांच्या मुलांना शिकवल्यावर भोळं कोण राहतं? "मी नाही सांडलं" म्हणणाऱ्याच्याच चड्डीवर दूध असतं.

आमच्या बालवर्गात दर शुक्रवारी एका मुलाच्या घरून खाणं येतं. त्या मुलानं त्या पदार्थाची गोष्ट सांगायची आणि सगळ्यांनी एकेक घास खायचा. इतरांच्या घरी काय शिजतं हे मुलांना कळावं, ही कल्पना माझीच. मिरवतेही मी ती.

त्या शुक्रवारी पाळी नव्या मुलीची होती. तिच्या आईनं झाकलेलं भांडं माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "मुलं खाईपर्यंत मी थांबले तर चालेल का, बाई?"

आजवर कुणीही थांबलं नव्हतं. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"पालकांना आत थांबता येत नाही," मी म्हणाले. असा काही नियम नव्हता.

ती गेल्यावर झाकण काढलं. आत तपकिरी, चिकट गोळा आणि आंबूस वास. खराब झालंय, आणि हिला ते ठाऊक आहे, म्हणूनच हिचा जीव इथे अडकलाय, असं मी धरून चालले. वीस लेकरांची पोटं माझ्या भरवशावर. विषाची परीक्षा कशाला घ्या? भांडं कपाटात गेलं आणि मुलांना बिस्किटं मिळाली. नवी मुलगी चमचा धरून बसली होती.

"तुझं नंतर हं," मी म्हटलं. तिनं बिस्किटाला हात लावला नाही.

शाळा सुटताना आईनं लेकीला विचारलं, "खाल्लं का गं सगळ्यांनी?"

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. "हो. चाटूनपुसून."

माझा जीव भांड्यात पडला. मीही री ओढली, "खरंच. काय छान आंबट चव होती."

आई म्हणाली, "आंबट नुसता वास येतो, बाई. पीठ आंबवावं लागतं ना. चव अगदी गोड असते." मग तिनं हात पुढे केला. "भांडं द्या."

मी भरलेलं भांडं आणून दिलं. तिनं ते उघडलंसुद्धा नाही. लेकीसमोर खाली बसून तिनं विचारलं, "मग खोटं का बोललीस?"

"मागच्या शाळेत खरं सांगितलं, तेव्हा तू रडलीस," मुलगी म्हणाली.